केर ओढणारे यंत्र घ्यायचे तर

पाहुणा समुद्रावरून खोलीत येतो, तो एकटा येत नाही. बरोबर वाळू घेऊन येतो. पायाला वाळू, चपलेला वाळू, पोरांच्या खिशात वाळू. ती लादीवर सांडते, गादीत शिरते, सोफ्याच्या फटीत जाऊन बसते.

नागाव, चौल, काशीद, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर. या साऱ्या किनाऱ्यावर आज कितीतरी घरांनी वाडीत दोन-चार खोल्या बांधल्या आहेत. त्या ते पाहुण्यांना भाड्याने देतात. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी घेऊन येणारी मोठी बोटही सुरू झाली. पाहुण्यांची सोय झाली. घरात येणारी वाळूही वाढली.

मग एक दिवस दारात विकणारा उभा राहतो. हातात चकचकीत यंत्र.

"मावशी, किती दिवस वाकून झाडणार? हे बघा मशीन. उभ्यानं चालवायचं. नावाजलेल्या कंपनीचं आहे."

"कितीला रे भाऊ?"

"तुमच्यासाठी बारा हजार. हप्त्यानं द्या. वर इस्त्री फुकट."

मावशी गप्प बसतात. बारा हजार म्हणजे खोलीचे किती दिवसांचे भाडे, हा हिशेब त्यांच्या मनात चालू असतो. तो हिशेब आपण इथे नीट मांडू. पण त्याआधी हे यंत्र करते काय, ते पाहू.

याला व्हॅक्यूम क्लीनर म्हणतात. म्हणजे केर ओढणारे यंत्र. तुम्ही शहाळ्याला नळी लावून पाणी पिता ना? तोंडाने ओढता तेव्हा नळीतली हवा निघून जाते. मग बाहेरची हवा शहाळ्यातल्या पाण्याला दाबते आणि ते पाणी नळीत वर चढते. यंत्रातही हेच होते. आत एक मोटार असते. ती पंखा फार जोरात फिरवते. पंखा आतली हवा बाहेर फेकतो. आत हवा कमी झाली, की बाहेरची हवा यंत्राच्या तोंडातून धावत आत येते. येताना धूळ, वाळू, केस घेऊन येते. पुढे ही हवा कापडाच्या किंवा कागदाच्या पिशवीतून गाळली जाते. केर पिशवीत राहतो, हवा निघून जाते.

नळीला चीर गेली तर शहाळे ओढले जात नाही. नळीत मलई अडकली तरी ओढले जात नाही. यंत्राचेही तसेच. सांधा ढिला असला, की ओढ कमी. पिशवी भरली किंवा जाळी धुळीने बुजली, तरी ओढ कमी. मोटार मात्र घरघरत राहते. ऐकणाऱ्याला वाटते, यंत्र झकास चालले आहे.

हे उभे यंत्र कोणी काढले, ती हकिकत ऐकण्यासारखी आहे. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या माणसाने केर ओढणारे मोठे यंत्र बनवले. पण ते घोड्याच्या गाडीवर घालून दारात आणावे लागे. लांब नळ्या खिडकीतून घरात सोडायच्या. असले यंत्र गरिबाच्या काय कामाचे? पुढे अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कँटन गावी, जेम्स मरे स्पँगलर नावाचा साठीला आलेला माणूस एका मोठ्या दुकानात झाडण्याचे काम करत होता. त्याला दमा होता. झाडताना धूळ उडे आणि त्याचा जीव घाबरा होई. नोकरी सोडावी तर खायचे काय? १९०७ साली त्याने पंख्याची मोटार, साबणाची पेटी, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र जोडून एक यंत्र केले. अभ्रा म्हणजे केराची पिशवी. १९०८ साली त्याला सरकारकडून त्याचे हक्क, म्हणजे पेटंट, मिळाले. चामड्याच्या वस्तूंचा धंदा करणाऱ्या हूव्हर कुटुंबाने ते हक्क विकत घेतले. तेव्हापासून हूव्हर हे नाव जगभर झाले. इंग्लंडात तर लोक झाडण्यालाच "हूव्हर करणे" म्हणू लागले.

म्हणजे हे यंत्र एका झाडणाऱ्याने, स्वतःचा दम वाचवण्यासाठी काढले. विकणारे हे सांगत नाहीत. ते साहेबाच्या बंगल्याचे चित्र दाखवतात.

स्पँगलरच्या यंत्रात मोटार आणि फिरणारा ब्रश खाली, जमिनीलगत होता. दांडा वर. सगळे यंत्र पुढे-मागे ढकलायचे. यालाच उभे यंत्र म्हणायचे. ते गालिचासाठी चांगले. तिकडे थंडी फार, म्हणून घरोघर भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड गालिचा असे. त्याच्या लवेत रुतलेली माती फिरत्या ब्रशाने झोडपून काढावी लागते. आपल्याकडे गालिचा कुठे आहे? आपल्याकडे लादी आहे, कोबा आहे, जुन्या घरात सारवलेली जमीन आहे. लादीवर फिरता ब्रश वाळू उचलतो थोडी आणि उडवतो जास्त. सारवलेल्या जमिनीवर तर तो सारवणच उकरून काढील. तिथे यंत्र नेऊच नये.

याच कारणाने आपल्या देशात दुसऱ्या घाटाचे यंत्र जास्त चालले. जमिनीवर ठेवायचा डबा, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला तोंड. स्वीडन देशातल्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने १९२१ साली असे जमिनीवरून ओढत न्यायचे यंत्र काढले होते. १९८२ साली भारतात फोर्ब्स कंपनी आणि इलेक्ट्रोलक्स यांनी मिळून युरेका फोर्ब्स ही कंपनी काढली. टाय लावलेले तरुण शहरात घरोघर जाऊन तिचे युरोक्लीन यंत्र दाखवत. लोकांच्या गादीतली धूळ काढून लोकांनाच दाखवायची, ही त्यांची रीत. गादीतली धूळ पाहिली, की घरची बाई हबकलीच म्हणून समजा.

आता दुकानात "उभे" म्हणून तीन वेगवेगळ्या वस्तू दाखवतात. खरे जड उभे यंत्र आपल्याकडे क्वचित दिसते. दुसरी वस्तू म्हणजे वायरची हलकी काठी. इनाल्सा, अगारो अशा नावांची ही यंत्रे तीन-पाच हजारांपासून मिळतात. तिसरी म्हणजे बिनवायरची, बॅटरीवर चालणारी काठी. डायसनची अशी यंत्रे फार महाग असतात. बॅटरीचे यंत्र हातात हलके आणि वायरीत पाय अडकत नाही. पण जोरात चालवले, तर बॅटरी लवकर उतरते, आणि काही वर्षांनी बॅटरीच बदलावी लागते. तेव्हा दोन कंपन्यांची तुलना करायची, तर आधी दोन्ही यंत्रे एकाच जातीची आहेत ना, ते बघा. बैलगाडीची तुलना बैलगाडीशी करावी, सायकलशी नाही.

आता कंपनीच्या नावाविषयी. नाव मोठे म्हणजे माल चांगला, असे आपण धरून चालतो. पण नाव विकले जाते, मंडळी. शेत विकले जाते तसे. हूव्हरचेच बघा. युरोपात हे नाव १९९५ साली इटलीच्या कँडी कंपनीकडे गेले. २०१९ साली कँडी कंपनी चीनच्या हायर कंपनीने घेतली. अमेरिकेत मात्र हेच नाव २००७ पासून हाँगकाँगच्या दुसऱ्याच कंपनीकडे आहे. नाव एक, धनी दोन! फिलिप्सने आपला घरगुती यंत्रांचा धंदा २०२१ साली विकला. यंत्रावर नाव अजून फिलिप्सच, पण करणारी कंपनी आता वेगळी. तिचे नाव व्हर्सुनी. याचा अर्थ माल वाईट झाला असा नाही. अर्थ एवढाच, की "आमच्या काकांकडचे फिलिप्स वीस वर्षे चालले" हा पुरावा आजच्या यंत्राला लागू पडेलच असे नाही.

आणि ती फुकटची इस्त्री? त्याचीही एक गोष्ट आहे. १९९२ साली इंग्लंडात हूव्हर कंपनीने जाहीर केले, की आमचा शंभर पौंडांचा माल घ्या आणि विमानाची दोन तिकिटे फुकट मिळवा. आधी युरोपची तिकिटे, मग थेट अमेरिकेची. लोक तुटून पडले. ज्यांच्या घरी यंत्र होते त्यांनीही दुसरे घेतले. तिकिटासाठी घेतलेली कोरी यंत्रे जुन्या बाजारात विकायला आली. एवढी तिकिटे कंपनीला देता येईनात. लोक कोर्टात गेले. खटले कित्येक वर्षे चालले. कंपनीला सुमारे पाच कोटी पौंडांचा फटका बसला. फुकट वस्तूच्या मोहाने लोकांनी नको ते यंत्र घेतले, आणि देणाराही बुडाला. आपल्या दारातला विकणारा बुडणार नाही, हे मात्र नक्की. इस्त्रीची किंमत त्याने बारा हजारांत आधीच धरली आहे.

विकणारा आणखी एक आकडा सांगतो. वॅट. "मावशी, हे सोळाशे वॅटचं. ते फक्त आठशेचं." ऐकणाऱ्याला वाटते, सोळाशे म्हणजे दुप्पट जोर. तसे नाही. वॅट म्हणजे यंत्र वीज किती खाते, तो आकडा. काम किती करते, तो नव्हे. दोन बैल सारखा कडबा खातात, पण नांगर सारखाच ओढतात का? युरोपातल्या देशांनी २०१४ साली नियम केला, की केर ओढणारे यंत्र १६०० वॅटच्या आत असले पाहिजे. २०१७ साली ही हद्द ९०० वॅटवर आणली. तरी तिकडची घरे झाडली जातातच. कंपन्यांनी तोंडाचा घाट सुधारला, सांधे घट्ट केले, पंखा सुधारला.

त्याच युरोपात यंत्रावर वीज बचतीची पट्टी लावत. डायसन कंपनीने तिच्याविरुद्ध दावा केला. म्हणणे असे, की ही परीक्षा रिकाम्या पिशवीने घेतात. घरात पिशवी रिकामी असते का? नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने हे म्हणणे मान्य केले आणि पट्टीचा तो नियम रद्द केला. डायसनची यंत्रे बिनपिशवीची, तेव्हा यात तिचा फायदा होताच. पण मुद्दा खरा होता.

बिनपिशवीचे यंत्र म्हणजे काय? चैत्र-वैशाखात वावटळ उठते, पाहिली असेल. पाला, माती गरगर फिरते आणि कडेला फेकली जाते. जेम्स डायसन या इंग्रज माणसाने हीच वावटळ यंत्राच्या डब्यात आणली. ५,१२७ नमुने करून पाहिले, तेव्हा कुठे मनासारखे यंत्र जमले. १९९३ साली त्याचे यंत्र त्याच्याच नावाने बाजारात आले. आता कितीतरी कंपन्या असे डबे करतात. पिशवीचा खर्च नाही, हा फायदा. पण डबा ओतताना बारीक धूळ पुन्हा नाकातोंडात जाते. घरात दमेकरी असेल, तर कागदी पिशवीचे यंत्र बरे. भरलेली पिशवी तोंड बंद करून तशीच टाकता येते. मात्र ती पिशवी अलिबागच्या किंवा पेणच्या दुकानात मिळते का, हे आधी विचारा. मिळत नसेल, तर यंत्र किती का चांगले असेना, ते तुमच्या कामाचे नाही.

मग पारख कशी करायची? घरची वाळू घेऊन जा. हो, खरंच. कागदाच्या पुडीत मूठभर कोरडी वाळू, थोडे केस, थोडा काथ्या. दुकानात लादीवर टाका आणि म्हणा, "काढून दाखवा." मग तीच वाळू पायपुसण्यावर चोळून टाका आणि पुन्हा म्हणा, "काढा." पहिल्या फेरीत किती गेली आणि कडेला किती उडाली, ते डोळ्यांनी बघा. डब्यात अर्धा केर असताना काय होते, तेही बघा. यंत्र स्वतः उचलून जिना चढा. भिंतीच्या कोपऱ्यात, खाटेखाली तोंड जाते का बघा. ब्रश बंद करायची सोय आहे का विचारा. लादीवर ती लागते. जो दुकानदार हे सारे करू देतो, त्याच्याकडे घ्या. जो म्हणतो, "खोका फोडता येणार नाही," त्याला रामराम करा.

आपल्या किनाऱ्याची हवाही लक्षात घ्यावी. खारी हवा लोखंडाला खाते. पावसाळ्यात चार महिने सगळे दमट. ओली वाळू साध्या यंत्राने कधी ओढू नये. ओल आत गेली, की पिशवी फाटते, जाळी बुजते, बुरशीचा वास येतो. पाणी मोटारीत गेले तर मोटार जळते आणि माणसाला विजेचा झटकाही बसू शकतो. ओले आणि सुके दोन्ही ओढणारी यंत्रे वेगळी मिळतात. ती ड्रमसारखी असतात. आणि वीज नसली तर? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आदळले. माडा-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. कित्येक गावांत पुष्कळ दिवस वीज नव्हती. तेव्हा घरे झाडली ती हिराच्या खराट्यानेच.

आता हिशेब. पाटी घ्या. समजा, तुमच्या दोन खोल्या आहेत आणि वर्षातून १०० दिवस पाहुणे असतात. पाच वर्षांचे ५०० दिवस. इथले आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुम्ही तुमचे घाला.

पहिले यंत्र ४,००० रुपयांचे. पिशवी लागत नाही. पण सुटे भाग मिळत नाहीत, आणि दोन वर्षांत बंद पडते. पाच वर्षांत ते तीनदा घ्यावे लागेल. झाले १२,००० रुपये. दुसरे ७,५०० रुपयांचे. त्याला वर्षाला ६०० रुपयांच्या पिशव्या, म्हणजे पाच वर्षांत ३,०००. एक दुरुस्ती १,००० रुपये. झाले ११,५००. विजेचे बघू. १,००० वॅटचे यंत्र एक तास चालले, की एक युनिट वीज जाते. रोज पाव तास चालवले, तर १०० दिवसांत २५ युनिटे. आठ रुपये दराने २०० रुपये. पाच वर्षांत १,०००. दोन्हीकडे ते मिळवा. पहिले पडले १३,०००, दुसरे १२,५००. म्हणजे स्वस्त दिसणारे यंत्र महाग पडले, तेही भर हंगामात दोनदा बंद पडून. तिसरे यंत्र बॅटरीचे. समजा ३५,००० रुपये, आणि मध्ये एकदा बॅटरी ८,००० रुपये. झाले ४३,०००. ५०० दिवसांनी भागा. पहिले दिवसाला २६ रुपये, दुसरे २५ रुपये, तिसरे ८६ रुपये.

आणि फूलझाडू? वर्षाला तीन, शंभर रुपयांचा एक. पाच वर्षांत १,५०० रुपये. दिवसाला ३ रुपये.

मग यंत्र घेऊच नये का? असे नाही. नुसती लादी असेल, तर झाडू आणि ओले फडके यांच्यापुढे यंत्राचे फार चालत नाही, हे माझे मत. पण गाद्या, सोफे, पडदे, खिडकीच्या खाचा, एसीची जाळी यांत झाडू कमी पडतो. तिथे यंत्र उपयोगी. त्या कामाला उभ्या यंत्रापेक्षा नळीचे डबा-यंत्र जास्त सोयीचे. दोन खोल्यांना रोज लागणार नाही. शेजारच्या तीन घरांनी मिळून एक घेतले, तरी चालेल. बचत गटात हा विषय काढून बघा.

आणखी एक. पुष्कळ बायाबापड्या किनाऱ्यावरच्या मोठ्या बंगल्यांत झाडलोटीला जातात. तिथे यंत्र घेतो मालक आणि ढकलते बाई. मालक रंग बघतो, नाव बघतो. वजन किती, दांडा उंचीला पुरतो का, डबा ओतताना धूळ नाकात जाते का, हे बाईलाच कळते. कंबर तिची, छाती तिची. यंत्र घेण्याआधी मालकीणबाईंना सांगावे, "ताई, दुकानात मलाही घेऊन चला." यात संकोच कसला?

शेवटी कागद. पक्के बिल घ्या. त्यावर यंत्राचा नंबर, तारीख आणि दुकानाचा शिक्का हवा. खोक्यावरच्या छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका. त्या किमतीत सगळे कर धरलेले असतात. हमीच्या कागदावर काय काय लिहिले आहे, ते स्वतः वाचा. तुम्हाला आता वाचता येते. मोटारीची हमी वेगळी आणि बॅटरीची वेगळी असू शकते. दुरुस्तीचा माणूस गावात येणार, की यंत्र पनवेलला न्यायचे, हे लिहून घ्या. तोंडी बोल वाऱ्यावर जातो.

यंत्र बिघडले आणि दुकानदार दाद देईना, तर १९१५ या नंबरावर फोन करा. ही सरकारची ग्राहकांसाठीची सेवा आहे. तिथे काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे, यंत्र मुंबईहून आणले असले तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मालाला फी नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. तेव्हा बिल पत्र्याच्या डब्यात, रेशनकार्डाशेजारी ठेवा.